‘फुल अँड फायनल’चा एक कागद आणि पाच वेगळी देणी : राजीनाम्यानंतर अडकलेल्या पगाराचे प्रकरण

पुण्याच्या एका उपनगरातील साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात पावणेसहा वर्षे काम करून ३१ मार्च २०२३ रोजी नोकरी सोडलेल्या एका परिचारिकेच्या हाती पाच आठवड्यांनी रुग्णालयाच्या एचआर विभागाने एक पानी हिशोब ठेवला. त्याला ‘फुल अँड फायनल’, म्हणजे नोकरी सोडतानाचा अंतिम हिशोब, असे शीर्षक होते. डाव्या बाजूला थकलेला पगार ५६,००० रुपये लिहिला होता. उजव्या बाजूला नोटिशीचा कालावधी पूर्ण न केल्याबद्दल ४४,८०० आणि एका इन्फ्युजन पंपाच्या (रुग्णाच्या शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणाऱ्या यंत्राच्या) नुकसानीबद्दल ३८,००० अशा दोन वजावटी होत्या. तळाशी निष्कर्ष असा होता की रुग्णालयाने काही देणे तर दूरच, सिस्टरांनीच रुग्णालयाला २६,८०० रुपये भरावेत आणि मगच आपली मूळ प्रमाणपत्रे व कार्यमुक्तीचे पत्र घेऊन जावे.

मी कामगार कायद्याचे काम करते. हे प्रकरण माझ्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये आले. ते येथे सविस्तर मांडताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून रकमांतही थोडा फेरफार केला आहे, मात्र वादाचा क्रम आणि त्यातील कायद्याचे मुद्दे जसेच्या तसे आहेत. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या बाबतीत हा प्रकार इतक्या वेळा घडतो की नोकरी सोडताना शेवटचे एक-दोन पगार जाणारच असे त्यांच्यापैकी अनेकींनी मनाशी धरलेले असते. मला हे मान्य नाही, आणि ते मान्य का करू नये हे या एका प्रकरणातून स्पष्ट होते.

सिस्टर बीड जिल्ह्यातील. जीएनएमची पदविका घेऊन आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करून त्या ११ जुलै २०१७ रोजी या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागल्या. सुरुवातीचे सहा महिने पगारातून दरमहा १,५०० रुपये ‘डिपॉझिट’ म्हणून कापले गेले. ते नोकरी सोडताना परत मिळेल असे नियुक्तिपत्रात लिहिले होते. त्याच पत्रात राजीनाम्यासाठी एक महिन्याची नोटीस आणि शिल्लक अर्जित रजेचे मूळ पगाराच्या दराने पैसे, अशा दोन अटी होत्या. २०२१ पासून त्यांना ‘वॉर्ड इन्चार्ज’ म्हटले जाऊ लागले आणि त्यासाठी ६०० रुपयांचा भत्ता मिळू लागला. शेवटचा एकूण पगार २२,४०० रुपये होता. त्यापैकी मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४,३००, उरलेले ८,१०० घरभाडे व इतर भत्ते.

२०२२ च्या उत्तरार्धात पगार लांबू लागले. डिसेंबरचा पगार जानेवारीच्या अखेरीस झाला. जानेवारीचा अर्धाच पगार, म्हणजे ११,२०० रुपये, १७ फेब्रुवारीला खात्यात जमा झाला आणि बँकेच्या नोंदीत त्यापुढे ‘सॅलरी जानेवारी’ असे शब्द उमटले. या दोन शब्दांना पुढे मोठे महत्त्व आले. याच काळात तीन परिचारिका सोडून गेल्यामुळे सिस्टरांनी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नऊ वेळा सलग दोन पाळ्या केल्या. १ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, तो वाचला, पण आवक क्रमांक देण्यास नकार दिला, म्हणून सिस्टरांनी त्याच दिवशी रुग्णालयाच्या ई-मेलवर आणि पोचपावतीसह रजिस्टर टपालाने तो पुन्हा पाठवला. ही खबरदारी त्यांना कोणी शिकवली नव्हती. नर्सिंगमध्ये जे केले ते लिहून ठेवायचे ही सवय अंगात मुरलेली असते, तिचाच हा उपयोग झाला. मार्चचा पूर्ण महिना त्यांनी ड्युटी केली आणि ३१ तारखेला हँडओव्हर देऊन त्या बाहेर पडल्या.

मधल्या काळात काय झाले

माझ्याकडे येण्याआधी सिस्टरांनी स्वतः तीन गोष्टी केल्या होत्या. एप्रिलमध्ये त्यांनी थकबाकी मागणारे पत्र लिहिले. त्याला उत्तर म्हणून ४ मे रोजीचा तो हिशोब आला. मेच्या अखेरीस त्यांनी कामगार कार्यालयात तक्रार दिली. तेथे ठेवलेल्या तीन बैठकांपैकी पहिल्या दोन बैठकांना रुग्णालयाकडून कोणीच आले नाही. तिसऱ्या बैठकीत २०,००० रुपये घ्या, ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे लिहून द्या आणि प्रमाणपत्रे घेऊन जा, असा प्रस्ताव ठेवण्यात आला. सिस्टरांनी सही केली नाही. नवीन रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रांसाठी दोन महिन्यांची मुदत दिलेली होती, ती संपत आली होती, घरी पैसे पाठवायचे होते, आणि तरी त्यांनी सही केली नाही, हे मला आजही विशेष वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कामगार अधिकाऱ्यासमोरची अशी बैठक ही समेटाची बैठक असते. अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावतो, कागद पाहतो, समजावतो, परंतु वादग्रस्त रक्कम द्या असा बंधनकारक आदेश तो त्या बैठकीत देऊ शकत नाही. त्यामुळे ‘लेबर ऑफिसला जाऊन काही झाले नाही’ म्हणजे कायद्याने हात टेकले असा अर्थ होत नाही. शिवाय या बैठकांच्या नोंदी पुढे उपयोगी पडतात. रुग्णालयाच्या प्रतिनिधीने तिसऱ्या बैठकीत ‘पगार थकलेला आहे, पण वजावट करायची आहे’ असे सांगितले होते आणि ते इतिवृत्तात लिहिले गेले होते. थकबाकीची ही लेखी कबुलीच होती.

हिशोब उलगडणे

पहिल्या भेटीत मी सिस्टरांना सांगितले की हा ‘फुल अँड फायनल’चा कागद आपण एक हिशोब म्हणून वाचायचाच नाही. मालकाला हा एकत्रित कागद सोयीचा असतो, कारण त्यात पक्के आणि कच्चे एकाच टोपलीत टाकता येते. कायद्याने ज्याला हातही लावता येत नाही अशी रक्कम आणि ज्याचा काही पुरावा नाही अशी वजावट एकमेकांसमोर मांडून मधला फरक ‘अंतिम’ म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक देण्याचा कायदा वेगळा, पुरावा वेगळा आणि दाद मागण्याची जागाही वेगळी असते. म्हणून आम्ही कोऱ्या कागदावर पुन्हा मांडणी केली.

थकलेला पगार ५६,००० रुपये : जानेवारीचा अर्धा, फेब्रुवारी व मार्चचा पूर्ण. डिपॉझिट ९,००० रुपये. अर्जित रजा शेवटच्या पगारपत्रकाप्रमाणे अठरा दिवस शिल्लक होती. १४,३०० ला सव्वीसने भागून दिवसाचे ५५० रुपये, म्हणजे ९,९०० रुपये. जादा कामाचे नऊ पाळ्यांचे बहात्तर तास. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील आस्थापनेच्या व्याख्येत रुग्णालयाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्या वेळी दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती आणि त्यावरील कामाला दुप्पट दर होता. त्या दराने १५,५०८ रुपये झाले. आणि पाचवे देणे, ज्याचा रुग्णालयाच्या कागदावर उल्लेखही नव्हता आणि ज्याची सिस्टरांना कल्पनाच नव्हती, ते म्हणजे ग्रॅच्युइटी.

सिस्टर म्हणाल्या, “ग्रॅच्युइटी सरकारी लोकांना असते ना मॅडम?” दहा किंवा अधिक लोक काम करत असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, राजीनामा दिला तरीही, त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमाप्रमाणे ती मिळत असे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, आणि सहा महिन्यांहून जास्त असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष म्हणून. पाच वर्षे आठ महिने वीस दिवस म्हणजे सहा वर्षे. ५५० गुणिले १५ गुणिले ६, म्हणजे ४९,५०० रुपये. थकलेल्या पगाराच्या जवळपास एवढीच रक्कम कोणी न मागितल्यामुळे अलगद बाजूला राहिली होती.

ग्रॅच्युइटी सर्वांत आधी आणि स्वतंत्रपणे मागायची असे मी ठरवले. मालकाच्या वजावटींचा या रकमेवर परिणाम होत नव्हता. त्या अधिनियमाच्या कलम ४(६) प्रमाणे नुकसानीपोटी ग्रॅच्युइटी रोखता येत असे ती केवळ त्या नुकसानीच्या कारणावरून कर्मचाऱ्याला सेवेतून काढले असेल तरच. येथे सिस्टरांनी स्वतः राजीनामा दिला होता, तेव्हा पंप फुटला की नाही हा प्रश्न या रकमेपुरता उद्भवतच नव्हता. नोटिशीच्या वादाचाही तिच्याशी संबंध नव्हता.

कर्मचाऱ्याने मालकाकडे ‘नमुना आय’ हा अर्ज तीस दिवसांत करावा असा नियम होता आणि ती मुदत उलटून गेली होती. मात्र केवळ उशीर झाला म्हणून तो अर्ज बाद होत नव्हता. शिवाय अर्ज आला नाही तरी ग्रॅच्युइटी ठरवून तीस दिवसांत देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली होती. ऑगस्टमध्ये आम्ही अर्ज पाठवला. उत्तर आले नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये ग्रॅच्युइटीचे वाद ठरवणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे ‘नमुना एन’ हा अर्ज दाखल केला.

उशिरामुळे एक दरवाजा मात्र खरोखर बंद झाला होता. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते, तिची मुदत नव्वद दिवसांची असते. कामगार कार्यालयातल्या बैठकांची वाट पाहण्यात ती गेली. विलंब माफीचा अर्ज देता आला असता, पण त्या अर्जावरच काही महिने गेले असते, म्हणून मी तो मार्ग सोडला.

पगारासाठी कोणता मार्ग

१९३६ चा वेतन प्रदान अधिनियम हे पगार बुडवल्याच्या तक्रारीसाठी सर्वांच्या तोंडी असलेले नाव. पण तो कायदा ठरावीक वर्गांतील आस्थापनांना लागू होत असे आणि त्याला महिना २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती. सिस्टर मर्यादेच्या आत होत्या. तरी रुग्णालयाला तो लागू आहे की नाही यावरच समोरचा वकील वर्षभर युक्तिवाद करत बसेल असा माझा अंदाज होता. म्हणून मी त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चे कलम ३३-सी (२) निवडले. मालकाकडून येणे असलेल्या रकमेची मोजदाद करून ती वसूल करण्यासाठी या कलमाखाली कामगार न्यायालयात थेट अर्ज करता येत असे. नोकरी सोडलेला कामगारही तो करू शकत होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच स्पष्ट केल्याप्रमाणे त्याला मुदतीचे बंधन नव्हते. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे हा मुद्दा १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध निकालापासून निकाली होता.

या कलमाची मर्यादाही मोठी होती आणि ती सिस्टरांना आधीच समजावून सांगणे माझे कर्तव्य होते. आधीच अस्तित्वात असलेल्या हक्काची येथे फक्त मोजदाद होत असे. हक्कच आहे की नाही असा मुळातला वाद येथे सोडवला जात नसे. पगार, डिपॉझिट आणि रजेचे पैसे नियुक्तिपत्रात आणि पगारपत्रकात लिहिलेले होते, ते पक्के होते. जादा तासांचा दर कायद्यात होता, पण ते तास प्रत्यक्ष भरले की नाही हे रुग्णालय नाकारणार हे दिसत होते. तरीही ती मागणी आम्ही अर्जात ठेवली, मात्र तिच्यामुळे बाकीचे अडकू द्यायचे नाही असे ठरवूनच.

सिस्टरांना आणखी एक मागणी घालायची होती. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या आहेत. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेच्या वेतनापेक्षा फार तर पंचवीस टक्के कमी, शंभरांहून अधिक खाटा असल्यास दहा टक्के कमी आणि दोनशेच्या वर बरोबरीचे वेतन. त्या हिशोबाने सिस्टरांचा पगार मुळातच कमी होता, आणि त्यांचा राग पूर्णपणे न्याय्य होता. परंतु शिफारशीवरून वसुली होत नाही. ती मागणी घातली असती तर पक्क्या अर्जाला न्यायालयाने फेटाळण्याचे आयते निमित्त मिळाले असते. मी नाही म्हटले.

स्त्री असल्यामुळे, उत्पन्न कितीही असले तरी, त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. हे प्रकरण त्या मार्गानेच सप्टेंबर २०२३ मध्ये दाखल झाले.

तीन तारखा

भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात डिसेंबर २०२२ पर्यंतचेच हप्ते होते. अधिक तपासल्यावर दिसले की रुग्णालयाने सिस्टरांच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख ३१ डिसेंबर २०२२ अशी भरली होती. पगार दिलेला नाही म्हणून निधीचा हप्ताही टाळायचा आणि त्यासाठी माणूस तीन महिने आधीच कामावरून गेला असे दाखवायचे, ही युक्ती मी पूर्वीही पाहिली होती. वर्गणी ‘देय’ वेतनावर असते, मालकाने पगार थकवला म्हणून ती माफ होत नाही. याबद्दल निधी कार्यालयाच्या पोर्टलवर स्वतंत्र तक्रार केली.

या तारखेचा ग्रॅच्युइटीशी थेट संबंध होता. नियंत्रक प्राधिकाऱ्यासमोर रुग्णालयाने ४१,२५० रुपये देण्याची तयारी दाखवली, कारण डिसेंबरअखेर सेवा पाच वर्षे साडेपाच महिनेच भरते आणि सहावे वर्ष धरले जात नाही. ८,२५० रुपयांचा फरक. मात्र सेवेचे सहावे वर्ष मोजायला ११ जानेवारी २०२३ ओलांडणे पुरेसे होते. त्यांनी स्वतःच दिलेला जानेवारीचा अर्धा पगार, अगदी पंधरा दिवसांचाच आहे असे मानले तरी, ती तारीख ओलांडत होता. बँकेचे खातेउतारे पुढे ठेवल्यावर त्यांचे वकील काही क्षण थांबले आणि त्यांनी पुढची तारीख मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण ४९,५०० रुपये आणि दहा टक्के सरळ व्याजाने दहा महिन्यांचे ४,१२५ रुपये जमा झाले.

दुसरीकडे, कामगार न्यायालयात जानेवारीत दाखल झालेल्या रुग्णालयाच्या लेखी म्हणण्यात तीन वेगवेगळ्या तारखा होत्या. निधीच्या नोंदीप्रमाणे सिस्टर ३१ डिसेंबरला गेल्या. नोटिशीच्या वजावटीप्रमाणे त्यांनी १ मार्चला राजीनामा दिला. आणि पंप १२ मार्चला त्यांच्या हातून फुटला. डिसेंबरमध्ये नोकरी सोडलेली व्यक्ती मार्चमध्ये अतिदक्षता विभागातला पंप कशी फोडते, याचे उत्तर त्या म्हणण्यात कोठेही नव्हते. वेगवेगळी देणी टाळण्यासाठी वेगवेगळ्या टेबलांवर बसलेल्या लोकांनी वेगवेगळे कागद तयार केले होते आणि ते कोणी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. आमच्या बाजूचे काम बव्हंशी हे कागद एकमेकांशेजारी ठेवणे एवढेच होते.

पंपाबद्दल सिस्टरांना त्या काळात एकही नोटीस, खुलासा मागणारे पत्र किंवा चौकशी झालेली नव्हती. खास ताब्यात दिलेली वस्तू, तिचे नुकसान कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाने झाल्याचा पुरावा आणि खुलाशाची संधी, हे तीन टप्पे झाल्याशिवाय पगारातून नुकसान कापता येत नाही हे वेतनविषयक कायद्याचे जुने तत्त्व आहे. पंपाच्या दुरुस्तीचे देयकही रुग्णालय दाखवू शकले नाही. नोटिशीबाबत त्यांचा आधार २०२१ चे एक परिपत्रक होता, ज्यात तीन महिन्यांची अट होती. त्यावर सिस्टरांची सही नव्हती, आणि नियुक्तिपत्रातली एक महिन्याची अट त्यांनी पाळली होती.

‘इन्चार्ज’ या शब्दाचा प्रश्न

रुग्णालयाचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच होता, आणि तो टिकला असता तर अर्जच बाद झाला असता. सिस्टर वॉर्ड इन्चार्ज होत्या, म्हणजे पर्यवेक्षक होत्या, आणि महिना १०,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक १९४७ च्या कायद्याप्रमाणे ‘कामगार’ ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पदनाम काय आहे यावर हे ठरत नाही, माणूस मुख्यतः कोणते काम करतो यावर ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण ते सिद्ध करावे लागते, आणि परिचारिकेच्या बाबतीत तो पुरावा जमवणे अवघड असते.

अवघड अशासाठी की तिचे जवळजवळ सर्व काम रुग्णांच्या कागदांवर लिहिलेले असते. सिस्टरांच्या मोबाइलमध्ये हँडओव्हर बुकाच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती लिहिण्याच्या वहीच्या, काही पानांची छायाचित्रे होती. त्यात त्यांची सही, वेळ, दिलेली औषधे, सारे होते, आणि रुग्णांची नावे व आजारही होते. ती छायाचित्रे मी दाखल करू दिली नाहीत. रुग्णाची गोपनीयता राखणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे, ते नोकरीबरोबर संपत नाही, आणि ते मोडले असते तर रुग्णालयाला तिच्याविरुद्ध परिचर्या परिषदेकडे तक्रार करण्याची संधी मिळाली असती. त्याऐवजी आम्ही न्यायालयाकडे अर्ज करून रुग्णालयाचे हजेरीपत्रक, ड्युटी रोस्टर आणि रजा-मंजुरीचे कागद हजर करण्याचा आदेश मागितला. मार्चचे हजेरीपत्रक ‘सापडत नाही’ असे सांगण्यात आले. परंतु मेट्रनने व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेले रोस्टर सिस्टरांकडे होते. त्यात रुग्णांचा उल्लेख नव्हता, फक्त पाळ्या आणि नावे. ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, प्रमाणपत्रासह दाखल केले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या : सिस्टर मार्चअखेर ड्युटीवर होत्या, आणि ‘इन्चार्ज’ असूनही त्यांची पाळी मेट्रन ठरवत होती व प्रत्येक पाळीत इतर परिचारिकांप्रमाणेच त्यांच्याकडे स्वतःचे रुग्ण होते.

उलटतपासणीत त्यांना विचारले गेले की तुम्ही कनिष्ठ परिचारिकांना सूचना देत होता की नाही. त्यांनी सांगितले, “देत होते. कोणत्या रुग्णाला किती वाजता इंजेक्शन आहे ते सांगत होते. सुट्टी द्यायचा, पगार कापायचा किंवा कोणाला काढायचा अधिकार मला नव्हता. माझीच सुट्टी मला मागून घ्यावी लागत होती.” या उत्तरानंतर त्या मुद्द्यावर फारसे प्रश्न झाले नाहीत.

प्रमाणपत्रांचा प्रश्न याआधीच सुटला होता. पडताळणीसाठी दिलेली वस्तू ते काम झाल्यावर परत करणे हे १८७२ च्या करार अधिनियमाने, कलम १६० प्रमाणे, ती ठेवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि पगाराच्या वादाशी तिचा संबंध लावता येत नाही, असे पत्र आम्ही सप्टेंबर २०२३ मध्येच पाठवले होते. पंधरा दिवसांत प्रमाणपत्रे कुरियरने आली. सर्व गोष्टींत सर्वांत सोपी ठरलेली ही गोष्ट सिस्टरांना मात्र पाच महिने सर्वांत जास्त छळत होती, कारण पदविका आणि नोंदणी यांच्याशिवाय परिचारिका दुसरीकडे रुजूच होऊ शकत नाही. मालक नेमकी हीच गोष्ट ताब्यात ठेवतात.

तडजोड आणि तिची किंमत

१४ सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण मिटले. पगाराचे ५६,०००, रजेचे ९,९०० आणि डिपॉझिटचे ९,००० असे ७४,९०० रुपये दोन हप्त्यांत, नोटीस व पंपाच्या मागण्या मागे, तीन महिन्यांच्या निधीचा भरणा, सोडल्याच्या तारखेची दुरुस्ती आणि कार्यमुक्ती व अनुभवाची प्रमाणपत्रे, अशा अटी लेखी झाल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे रुग्णालयाला पुढे वरच्या न्यायालयात जाऊन वर्षे काढण्याची सोय राहिली नाही, हे तडजोड स्वीकारण्याचे माझ्या दृष्टीने मुख्य कारण होते.

जादा कामाचे १५,५०८ रुपये सोडावे लागले. सिस्टरांना ते पटले नव्हते. “त्या नऊ रात्री मी उभी होते,” असे त्या म्हणाल्या, आणि त्या उभ्या होत्या याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. रोस्टरवर फक्त नियोजित पाळी असते, दुसरी पाळी ऐनवेळी तोंडी सांगितली जाते, आणि हजेरीपत्रक रुग्णालयाच्या ताब्यात असते. प्रत्येक डबल ड्युटीनंतर मेट्रनला ‘आज रात्रीची पाळीही केली’ असा साधा संदेश पाठवलेला असता तर ही रक्कम मी सोडू दिली नसती. त्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

हे प्रकरण आज उभे राहिले असते तर काही गोष्टी बऱ्याच वेगळ्या असत्या. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या कलम १७ मध्ये राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख असून त्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बंधन आहे. १९३६ च्या कायद्यात ही दोन दिवसांची अट फक्त मालकाने काढल्यास होती. वेतनमर्यादा गेली आहे, पर्यवेक्षकीय काम करणाराही ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतो, म्हणजे ‘इन्चार्ज’चा आक्षेप पगाराच्या दाव्यापुरता निकामी झाला आहे. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कोणत्या कारणांसाठी वजावट करता येते याची यादी कलम १८ मध्ये आहे. नोटिशीचा कालावधी कमी पडला म्हणून एखाद्याचा पगार कापण्याचे कारण त्या यादीत नाही, हे ‘फुल अँड फायनल’चा कागद हाती आला की आधी पाहावे.

पहिला हप्ता ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि दुसरा डिसेंबरमध्ये जमा झाला. ग्रॅच्युइटी धरून सिस्टरांच्या हाती एकूण १,२८,५२५ रुपये आले, तिसऱ्या बैठकीत देऊ केलेल्या २०,००० ऐवजी. अनुभव प्रमाणपत्र सर्वांत शेवटी आले. त्यावर सेवेचा काळ ११ जुलै २०१७ ते ३१ मार्च २०२३ असा छापलेला होता. सिस्टरांनी त्याची प्रत काढून मला पाठवली आणि शेवटच्या तारखेखाली पेनाने एक रेघ ओढली होती.